पेट्रोल की डिझेल, दाजी?

दाजी, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा मोबाइल वाजला. घरात सगळे माना खाली घालून बसलेले आणि तुमच्या फोनची ती जुन्या टेलिफोनसारखी घंटी, तीही पूर्ण आवाजात. कुणी उचलेना. आक्कानं माझ्याकडं नुसतं बघितलं, म्हणून मी उठलो आणि फोन घेऊन ओट्यावर आलो. पलीकडून शफीक मिस्त्री बोलत होता. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. "सलाम साब," तो म्हणाला, "तुम्हारा और सालेसाब का कुछ फैसला हुवा क्या? पेट्रोल डालना के डिझेल? गाडी खुल्ली पडी है, मेरेकू जगा होना."

"मी सालेसाबच बोलतोय," मी म्हणालो.

"हां, तो फिर तुमीच बोल डालो," तो हसत म्हणाला. "साब नहीं हैं तब तक."

आता बघा. वर्षभर ज्या एका शब्दासाठी मी तुमच्याशी भांडलो, तो शब्द म्हणायला त्या घडीला मला कुणी अडवणार नव्हतं. डिझेल म्हटलं असतं की संपलं असतं. पण मी फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो आणि तो मिस्त्री "हॅलो, हॅलो" करत राहिला. शेवटी त्याला कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "गाडी रहने दो साब. कितने भी दिन रहने दो."

तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हाला हे सगळं पाठ आहे. पण हे दुसरंही कुणी वाचेल, त्याच्यासाठी थोडं मागून सांगतो. माझी थोरली बहीण आक्का तुमची बायको, म्हणून तुम्ही माझे दाजी. मी सोयगावचा, शेती बघतो आणि खत-बियाण्याचं दुकान चालवतो. तुम्ही तिकडं शहरात, गारखेड्यात राहणारे, पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात हयात घालवलेले. आपल्यात वयाचं, स्वभावाचं, कशाचंच काही जुळत नव्हतं. जुळलं ते त्या जीपपायी, आणि तेही भांडणातच.

ती जीप तुम्ही खात्याच्या लिलावात घेतली तेव्हा तिला रंग म्हणून नव्हता. तुम्ही तिला स्वतः घासून पांढरा रंग दिलात, खिडक्यांना कापडी पडदे शिवून आणलेत, आणि मी ती पहिल्यांदा बघून म्हणालो, "हे जीपडं कुठून उचललं?" तुम्ही चष्मा नाकावर खाली घेतलात. "बाळासाहेब, जीपडं नाही. जीप." एरवी मी तुमचा बाळू, राग आला की बाळासाहेब. मग मी मुद्दाम जन्मभर जीपडंच म्हणत आलो, कारण तुमचा राग बघायला दुसरी काही सोयच नव्हती. तुम्हाला राग येतो हे ठाऊक असलेला मी जगातला बहुतेक एकटाच माणूस असेन.

मागच्या वर्षी त्या जीपचं इंजिन जाम झालं. तुम्ही फोनवर मला म्हणालात, "पाणी बघायचं राहून गेलं रे." तुमचं! नाक्यावरून दूध आणायचं तरी आधी बोनेट उघडून पाणी बघणाऱ्या माणसाचं! मागच्या सीटखाली पाण्याचा कॅन सुतळीनं बांधून ठेवणाऱ्याचं! मला तर आयतं कोलीतच सापडलं. दिसेल त्या पाहुण्याला मी सांगत सुटलो की यांचा सगळा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, अख्ख्या मराठवाड्याला पाणी पुरवलं, आणि स्वतःच्या रेडिएटरात थेंब नाही. लोक पोट धरून हसायचे. तुम्हीही हसायचात आणि आक्का उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, तिला चहाचं बघायचं असेल.

शफीकनं इंजिन खोललं तर ब्लॉकलाच तडा गेलेला. तसलं इंजिन आता मिळत नाही म्हणाला. पण त्याच्याकडं दोन इंजिनं होती, शेडमध्ये जुन्या टायरांवर शेजारी शेजारी ठेवलेली. एक डिझेल, कुठल्याशा ठोकलेल्या जीपमधून काढलेलं, गिअरबॉक्ससकट. उचललं की बसलं असं. दुसरं पेट्रोल, मोडीत निघालेल्या एका छोट्या मोटारीतलं, वजनाला हलकं. पण ते आपल्या गिअरबॉक्सला जोडायला मधे एक लोखंडी प्लेट घडवून घ्यावी लागणार. तुम्ही पेट्रोल म्हणालात. मी डिझेल म्हणालो. आणि जीप तशीच उघडी राहिली.

माझं म्हणणं सरळ होतं. आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या धुरातच मी वाढलो. डिझेल म्हणजे बैल. पोटाला घातलं की ओढतं, कुरकुर करत नाही. सोयगावला यायचं तर अजिंठ्याचा घाट आहे, येताना उतार पण जाताना चढ, मागं मक्याची पोती टाकलेली. तिथं ते मोटारीतलं नाजूक इंजिन काय करणार? तुमचं म्हणणं वजनाचं होतं. डिझेल बसवलं की जीप तोंडाकडून वाकणार, स्टिअरिंग दगडासारखं होणार, क्लच दाबवणार नाही. तुम्ही कागदावर पेन्सिलीनं जीप काढून तिच्यावर बाण काढून दाखवायचात. "क्लच पायानं दाबायचा असतो बाळू, कमरेनं नाही."

"तुमच्या पायाला काय धाड भरलीय?" मी विचारायचो. "जीप होती तोवर रोज सकाळी लष्कराच्या छावणीत जाऊन फिरायचात की दोघं!"

यावर तुम्ही गप्प. मी समजायचो, मुद्दा संपला म्हणून गप्प. चांगला चार घरं ऐकू जाईल असा हसायचो.

आणि तो चहाचा दिवस आठवतो का? शफीकनं दोन्ही इंजिनं जमिनीवरच चालू करून दाखवली होती, तेलाची बाटली वर दोरीला टांगून. तुम्ही तुमच्या हातातला चहाचा ग्लास पेट्रोलच्या इंजिनावर ठेवलात आणि बघत बसलात. चहा थरथरला, पण सांडला नाही. मग तोच ग्लास तुम्ही डिझेलवर ठेवलात. तो चालत चालत कडेला आला आणि माझ्या विजारीवर उडी मारून मोकळा झाला. "दाजी," मी ओरडलो, "इंजिन बघताय का देव्हारा? ह्याच्यावर मांडून काय जेवायचंय तुम्हाला?" शफीक म्हणाला, "दोनों जिंदा हैं साब. ये थोडी बात जास्ती करता." तुम्ही माझ्याकडं आणि डिझेलकडं आळीपाळीनं बघितलंत आणि म्हणालात, "हो ना. ओळखीचं वाटतंय."

नंतर हे भांडण आपण कुठं कुठं नेलं! लग्नात नेलं, दवाखान्यात तुमच्या छातीचा फोटो काढायच्या रांगेत नेलं, माझ्या दुकानाच्या पूजेत तर गुरुजींनाच पंच केलं. फोनवर जेवलात का विचारायच्या आधी, काय ठरलं हा प्रश्न असायचा. आक्का वैतागून म्हणायची, "तुमाला दोघान्ला इंजिन नकोच हाय. तुमाला भांडान पायजे." खरं सांगू? निदान माझ्याबाबतीत तिचं बरोबर होतं. तुमच्याशी दुसरं काय बोलायचं ते मला कधी जमलंच नाही.

कारण दाजी, बहीण दिलेल्या घरी भाऊ पाहुणा म्हणून जातो असं लोकांना वाटतं. तो जातो तपासायला. मी दहावीत होतो तेव्हा तुम्ही आक्काला बघायला आला होता, अंगानं किडकिडीत, आवाज असा की पुढच्याला पुढं वाकून ऐकावा लागे. मला दाजी हवा होता पैलवान. मी मनात ठरवलं, या माणसावर नजर ठेवायची. आणि ठेवली. गारखेड्याला आलो की आधी आक्काचे डोळे बघायचे, मग पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन डबे बघायचे. तुम्हाला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. एकदा मी आत गेलो तर गव्हाच्या कोठीचं झाकण उघडंच, आणि मागून तुमचा तो बारीक आवाज, "बघून घ्या बाळासाहेब, कालच भरलेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र जेवताना त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नाहीत, उलट आग्रहानं तूप वाढलंत. रागवायचं तरी धड यावं की नाही माणसाला!

दहाव्याला आपण पैठणला गेलो. आपण म्हणतोय बघा. आम्ही गेलो. नदीवर ऊन चांगलंच तापलं होतं. तुमच्या निखिलनं सगळं नीट केलं, गुरुजी सांगतील तसं, तुमच्यासारखंच सावकाश. पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरकून उभे राहिलो. कावळे होते, चांगले पाच-सहा. यायचे, मान वाकडी करायचे, आणि परत जाऊन बसायचे. गुरुजी म्हणाले, "मनात काही राहिलं असेल त्यांच्या. बोला कुणीतरी."

निखिल पुढं झाला. "बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला पुण्याला घेऊन जातो, माझ्याजवळच ठेवतो." पोराचा आवाज फाटला. माझ्याही डोळ्यांत आलं. कावळ्यांनी मात्र पाठ फिरवली. मग तुमच्या ऑफिसातले एक गृहस्थ पुढं येऊन म्हणाले की पेन्शनचे कागद मी स्वतः बघतो. त्यावर एक कावळा तर उडूनच गेला. ऊन वाढत होतं. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला आणि कावळा वळायला घेतला, आणि ते मला बघवेना. जो माणूस गवताच्या काडीचाही नकाशा काढल्याशिवाय हलला नसता, त्याला दर्भाच्या कावळ्यावर बोळवायचं? मी लोकांना सारून पुढं गेलो आणि हात जोडून म्हणालो, "दाजी, पेट्रोल. पेट्रोलचंच बसवतो. तुमचं खरं. या आता."

आणि त्याच क्षणाला माझ्या मागून आक्का म्हणाली, "अहो, डिझेल बसू द्या. बाळूच्या मनासारखं होऊ द्या."

कावळा आला, घास उचलला आणि गेला. लोकांनी हात जोडले. कुणी म्हणालं सुटले, कुणी म्हणालं किती गुंतले होते संसारात. मी आणि आक्का एकमेकांकडं बघत उभे. मी काही फार देवभोळा माणूस नाही, दाजी, पण त्या कावळ्याचा मला मनस्वी राग आला. निकाल द्यायचा तर एका बाजूनं तरी द्यायचा!

गुरुजींनी हळूच विचारलं, "काय म्हणालात हो तुम्ही?"

"गाडीचं होतं," मी म्हणालो.

बाकीचे जेवायला गेले तेव्हा मी आक्काजवळ पायरीवर बसलो. ती नदीकडं बघत होती. मी विचारलं, "तू डिझेल का म्हणालीस? तुला काय कळतं डिझेलातलं?"

"मला काय कळायचंय," ती म्हणाली. "म्हनलं तुझा तरी हट्ट पुरा होऊ दे. मला काय आता चालवायचीय व्हय ती गाडी?"

"तुला? तुला कवा चालवायची होती?"

तेव्हा तिनं सांगितलं. तुम्ही दोघं सकाळी छावणीत फिरायला जात नव्हता. तिथल्या त्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर सकाळचं कुणी नसतं म्हणून तुम्ही तिला जीप शिकवत होता. नातवाला खेळवायच्या वयात, साडीचा पदर खोचून, आमची आक्का. जिला लग्नाआधी सायकल चालवू दिली नाही, ती.

"त्या दिशी पयल्यांदा तिसरा गेर बिनधक्क्याचा पडला माझा," ती म्हणाली. "मी लई खूश. हे बाजूला बसलेले, मी आपली चालवतीय, चालवतीय. चक्कर झाली तरी थांबंना मी. मग एकदम वाफ निघाली अन् गाडी बंद. मी रडाया लागले, म्हनलं, माझ्यापायी झालं. तर हे म्हनले, इंजिन तापल्याचा काटा लालात गेलेला मला कवाच दिसला व्हता. मी म्हनलं, अहो मग थांबवलं का नाय? तर म्हनले, तू पहिल्यांदा न घाबरता चालवत होतीस. थांब म्हटलं असतं तर परत बसली नसतीस."

मी म्हणालो, "आणि मला सांगितलं पाणी बघायचं राहून गेलं!"

"मग काय सांगनार? तू गावभर हसला असतास मला. तर हे म्हनले, त्याला माझ्यावर हसायची सवय हाय, हसू दे." ती पुढं म्हणाली, "त्यांचं लई मनात व्हतं. दिवाळीला तू मला न्यायला यायच्या आधीच आपन गाडी घेऊन सोयगावला जायचं. मी चालवनार, हे बाजूला. बाळूचं तोंड बघायचं म्हनायचे."

दाजी, आधी मला तुमचा भयंकर राग आला. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला आक्काला माहेरी न्यायला मी येतो. त्या वाटेवरचा खड्डा न् खड्डा मला ओळखतो. आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीमागं माझी ती नोकरी काढून घ्यायला निघाला होता! मला घेतलं असतं कटात तर काय बिघडलं असतं? बरं, मी हसलो असतोच म्हणा. खो खो हसलो असतो. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं, आणि मीच तुम्हाला ओळखलं नव्हतं.

मग वर्षभराचं एक एक आठवायला लागलं. क्लच पायानं दाबायचा असतो. स्टिअरिंग दगडासारखं होईल. तोंडाकडून वाकेल. चप्पल घेताना माणूस जसा पाय बघतो, तसं तुम्ही इंजिन घेताना तिचा पाय बघत होता. मी घाटाचं बोलत होतो, पोत्यांचं बोलत होतो, आणि समोर बसलेल्या माझ्याच बहिणीचं मला सुचलं नाही. डबे तपासत बसलो! ज्या माणसानं बायकोचं हसणं थांबू नये म्हणून डोळ्यांदेखत स्वतःच्या लाडक्या गाडीचं इंजिन जाऊ दिलं, त्याच्या घरातले गहू मोजायला मी यायचो. मला त्या पायरीवर हसूच आलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. आक्कानं पाठीवर हात ठेवला. तिच्या दुःखाच्या दिवशी तिलाच मला समजवावं लागलं, हेही लिहून ठेवतो.

पण कावळ्याचा निकाल अजून कुणाच्याच बाजूनं लागला नव्हता. आक्का डिझेलवर अडून बसली. म्हणायची, ते नाहीत तर मला शिकायचं नाय, इंजिन एक घालवलं तेवढं पुरे, तू तुझं बसवून घे आणि गाडी सोयगावला ने. मी पेट्रोल म्हणायचो. वर्षभराचं भांडण तेच, बाजू तेवढ्या बदलल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, बाळासाहेब, अखेर अक्कल आली. आणि मी म्हणालो असतो, तुमच्यापेक्षा लवकरच आली.

तेराव्याला मी रिवाजाप्रमाणे माहेरची साडी घेऊन आलो. घर भरलेलं. जेवणं झाल्यावर निखिलनं विषय काढला. "मामा, आईला पुण्याला नेतो. घर सध्या बंद ठेवू. आणि ती जीप आता भंगारात देऊन टाकू; कोण बघणार तिच्याकडं?" पोरगा वाईट बोलत नव्हता. त्याला खरंच आईची काळजी होती, रात्री झोपत नव्हता तो. पण मी आक्काकडं बघितलं. तिनं मांडीवर दोन्ही हात ठेवले होते आणि ती म्हणाली, "बघू." तिचं हे 'बघू' मला लहानपणापासून माहीत आहे. शाळा सोडायला सांगितली तेव्हाही ती बघूच म्हणाली होती. एकदा बघू म्हटलं की आक्का पुढं काही मागत नाही. ती उठते आणि दुसरे सांगतील तिकडं जाते.

मला तुमचा तो बारीक आवाज नाही, दाजी. माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणालो, "आक्का कुठं राहील ते आक्का ठरवंल. आधी मला एक सांग आक्का, तुला ती जीप चालवायचीय का नाय?"

तुमच्या चुलतीनं कपाळाला हात लावला. "अरे, हे काय बोलायचे दिवस हायत व्हय? आज कुठं तेरावा झाला न् हिला गाडीवर बसवतोय!" निखिल माझ्याकडं बघतच राहिला, त्याला काय माहीत छावणीचं? मी नजर हलवली नाही. आक्कानं साडीच्या काठावरून एकदा हात फिरवला, निखिलकडं बघितलं, मग भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं.

"चालवायचीय," ती म्हणाली.

मी तिथूनच, सगळ्यांसमोर शफीकला फोन लावला. "पेट्रोल," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मतलब साब जीत गए."

"हां. हरलो मी." तुमच्या तोंडावर हे कधी म्हणालो नसतो. तेवढी मजा तुमची हुकली. आणि उगीच चढून जाऊ नका. घाटात पोती घेऊन जायचं तर डिझेलच बरं, हे मी अजूनही म्हणतो.

प्लेट घडवायला, इंजिन बसवायला शफीकनं वेळ घेतला, आणि मी सोयगावहून येऊन येऊन त्याचं डोकं खाल्लं. तुमच्यासारखं मला शांत बसता येत नाही. आरटीओतल्या खेट्या निखिलनं मारल्या, पुण्याहून येऊन. आरसी बुकावर नव्या इंजिनाचा नंबर आणि मालक म्हणून आईचं नाव. पहिल्यांदा तो माझ्यावर फुगला होता. नंतर एकदा रांगेत उभं असताना म्हणाला, "मामा, बाबांनी मलाही नाही सांगितलं." मी म्हणालो, "तुझ्या बाबांनी मला एवढं मोठं गंडवलं, तू कोण लागून गेलास?" तेव्हा कुठं तो हसला. आईला आता तो पुण्याला ये म्हणतो, नेतो म्हणत नाही. आक्का शिकाऊ लायसन काढायला गेली तेव्हा फोटोसाठी तिला चष्मा काढायला सांगितला, तर ती म्हणाली, चष्म्याशिवाय मी गाडी चालवनार हाय का?

काल सकाळी आम्ही छावणीत गेलो. तिथपर्यंत मी नेली जीप. तिथं उतरून आम्ही जागा बदलली. मी तुमच्या जागेवर बसलो, आणि दाजी, ती जागा फार अवघड आहे हो. हातात काही नाही, पायात काही नाही, नुसतं बघायचं. आक्कानं पदर खोचला, सेल्फ मारला आणि क्लच दाबला. दाबला गेला. सहज दाबला गेला, तिच्या पायानं. पहिला गिअर थोडा अडला. दुसरा पडला. रस्त्यावर एक फौजी सायकलवरून चालला होता, त्याला पार खेटून तिनं गाडी अशी काढली की मी डोळेच मिटले.

उघडले तेव्हा ती पुढं वाकून रस्ता बघत होती, आणि तुम्ही गेल्यापासून मी तिचं न बघितलेलं तोंड माझ्यासमोर होतं. इतकी वर्षं मी डोळे तपासायला येत होतो ना? तर ऐका. मला ते पहिल्या वर्षीच दिसलं होतं. आक्का तुमच्या घरात सुखी होती. आमच्या घरी होती त्यापेक्षा जास्त होती. भावाला हे म्हणणं जड जातं, जावयाला तोंडावर तर कुणी म्हणतच नाही, म्हणून ते राहिलं. आज म्हणतो. माझ्या बहिणीला तुम्ही फार नीट सांभाळलंत, दाजी, आणि सांभाळताना तिला कुठं बांधून ठेवलं नाहीत. यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

दोन चकरा झाल्या. ऊन वर यायला लागलं, रस्त्यावर दुधवाले, शाळेच्या रिक्षा दिसायला लागल्या, आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. झाडाखाली बरी जागा दिसली तसा मी म्हणालो, "आक्का, बास झालं आता. इथं थांबव, पुढं मी घेतो."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिसरा गिअर टाकला, बिनधक्क्याचा, आणि म्हणाली, "ब्रेक कुठं हाय ते म्हाईत हाय मला. पन थांबायचं नाय मला अजून."